फिरत्या पंखाचे यंत्र आणि शेतकरी

उसाच्या फडावर किंवा द्राक्षबागेवर घोंगावत औषध शिंपडणारे चार-सहा पंखांचे लहानसे यंत्र आपल्या जिल्ह्यात वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्यास ड्रोन म्हणतात. ते विकत घ्यावे, भाड्याने आणावे, की त्याच्या वाटेसच जाऊ नये, हा प्रश्न आज प्रत्येक बागाईतदारापुढे आहे. कोणत्याही यंत्राविषयी मत बनविण्यापूर्वी ते कोठून आले, कोणत्या अडचणींतून पार पडले आणि त्याची मर्यादा कोणती, हे ठाऊक असणे इष्ट होय. ड्रोन हे हेलिकॉप्टरच्या कुळातील धाकटे अपत्य आहे. म्हणून त्या कुळाची हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

साधे विमान धावपट्टीवर वेगाने धावते, तेव्हा त्याच्या स्थिर पंखांखालून वारा जातो व त्यास उचलतो. हेलिकॉप्टरात यंत्र जागीच उभे राहते आणि पंखच गरगर फिरून वारा खाली लोटतात. त्यामुळे ते सरळ वर चढते, अधांतरी थांबते आणि अंगणाएवढ्या जागेत उतरते.

नवल हे की, या यंत्राचा जन्म खेळण्याच्या रूपाने झाला. १७८४ साली फ्रान्समध्ये लोन्वा व ब्यँवन्यू या दोघांनी पक्ष्यांची पिसे आणि धनुष्याची ताण यांच्या योगे उडणारी एक लहान प्रतिकृती तेथील विज्ञान अकादमीपुढे दाखविली. १८७० मध्ये पेनो याने पिळलेल्या रबरावर फिरणारे खेळणे केले. याच जातीचे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका पित्याने आपल्या मुलांस आणून दिले. ती मुले म्हणजेच पुढे विमानविद्येत प्रसिद्धीस आलेले राइट बंधू होत.

खेळणे उडाले, तरी माणसास उचलणारे यंत्र होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. यास मुख्यतः तीन अडचणी कारण झाल्या. पहिली, हलके परंतु जोरदार इंजिन नव्हते. पेट्रोलचे इंजिन आल्यावर १९०७ मध्ये फ्रान्समधील पॉल कोर्न्यू याच्या यंत्राने क्षणभर जमीन सोडली असे सांगतात, पण ते ताब्यात राहण्याजोगे नव्हते. दुसरी अडचण उलट्या रेट्याची. होडीत उभे राहून बांबूने काठास रेटले, तर होडी उलट सरकते. त्याचप्रमाणे डोक्यावरचा पंखा एका बाजूस फिरू लागला की खालचे धड दुसऱ्या बाजूस फिरू पाहते. तिसरी अडचण याहून सूक्ष्म होती. यंत्र पुढे जात असता पंख्याचे एक पाते वाऱ्यास सामोरे जाते व दुसरे वाऱ्याबरोबर मागे येते. सामोऱ्या जाणाऱ्या पात्यास वारा अधिक लागून ती बाजू उचलली जाते आणि यंत्र कलंडते.

ही तिसरी गाठ स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा याने १९२३ साली सोडविली. त्याने पाती बिजागरीवर बसविली. ज्या पात्यास वारा अधिक, ते थोडे वर उचलले जाई, आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा राही. जर्मनीत १९३६ मध्ये फॉके याने दोन पंखे परस्परांविरुद्ध फिरवून उलटा रेटा मोडला. मूळचा कीव्हचा इगोर सिकोर्स्की याने १९०९-१० च्या सुमारास दोन हेलिकॉप्टरे बांधली होती, ती उडाली नाहीत. त्याने तो नाद सोडला, देश सोडून अमेरिका गाठली व विमाने बांधली. परंतु १९३९ साली त्याने पुन्हा तेच काम हाती घेऊन वर एक मोठा पंखा व शेपटीस एक लहान उभा पंखा अशी रचना सिद्ध केली. आजची बहुतेक हेलिकॉप्टरे याच धर्तीची आहेत.

भारतीय हवाई दलात १९५४ साली सिकोर्स्कीच्या कंपनीची हेलिकॉप्टरे दाखल झाली. पुढे फ्रेंच नमुन्यावरून बंगळूर येथे चेतक तयार होऊ लागले आणि भारतीय बनावटीच्या ध्रुवने १९९२ मध्ये पहिले उड्डाण केले. आपल्या राज्यात १९८५ साली स्थापन झालेल्या पवनहंसची हेलिकॉप्टरे जुहूहून समुद्रातील तेलविहिरींवर माणसांची ने-आण करीत आली आहेत.

मोठे हेलिकॉप्टर शेतीच्याही कामी आले आहे. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड काटोल, मोर्शी, वरूड या भागांत शिरली, तेव्हा अग्निशामक बंबांनी व ट्रॅक्टरवरील पंपांनी फवारणी करावी लागली. त्याच वर्षी राजस्थानात टोळांवर एका खेपेस २५० लिटर औषध नेणारे हेलिकॉप्टर योजले गेले. परंतु विस्तीर्ण वाळवंटास जे साधले ते एक-दोन एकरांच्या तुकड्यांस साधणारे नव्हे. आपल्या बांधावर झाडे आहेत, विजेच्या तारा आहेत, शेजारी वस्ती आहे. येथे लहान यंत्रच हवे.

लहान यंत्राची गोष्ट अशी. दूर उभे राहून बिनतारी संदेशाने यंत्र हाकण्याची युक्ती टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे एका लहान बोटीवर दाखविली होती. पुढे हौशी लोक याच रीतीने लहान विमाने उडवू लागले. परंतु हेलिकॉप्टरची प्रतिकृती त्यांस दीर्घकाळ वश झाली नाही. जर्मनीतील डीटर श्लूटर याने १९७० च्या सुमारास ती नीट उडविली. हौसेच्या या विद्येस जपानने शेतात आणले. तेथील खेड्यांत तरुण मजूर मिळेनात, म्हणून यामाहा कंपनीने भातावर फवारणीसाठी २० किलो भार उचलणारे बिनमाणसाचे हेलिकॉप्टर १९८७ साली बाजारात आणले.

चार पंख्यांची कल्पनाही नवी नव्हे. १९२२ मध्ये अमेरिकेत द बोथेझात याने व १९२४ मध्ये फ्रान्समध्ये एमिशेन याने अशी माणूस नेणारी यंत्रे उडविली होती. परंतु अनेक पंख्यांचा तोल क्षणोक्षणी सांभाळणे मानवी हातास अवघड होते. पुढे स्वस्त संवेदक व चिमुकले संगणक आले आणि प्रत्येक पंख्याचा वेग आपोआप कमीजास्त होऊ लागला, तेव्हा ही जुनी कल्पना व्यवहारात उतरली. मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेल्या तरुणांनी २००७ साली काढलेली आयडियाफोर्ज ही कंपनी या धंद्यातील आपल्याकडील आरंभीच्या कंपन्यांपैकी होय.

आमचे आयुष्य महसुलाच्या दप्तरात गेले, म्हणून एक गोष्ट आवर्जून नमूद करतो. शेताचा सातबारा होता, पण गावठाणातील घरांच्या जागेस असा पक्का नकाशा बहुधा नसे. आपल्याच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहण्यात आली, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये स्वामित्व योजनेने हे काम देशभर नेले. या मोजणीत प्रथम जागांच्या हद्दी चुन्याने आखतात, मग ड्रोन वरून छायाचित्रे घेतो. हद्दीविषयी शेजाऱ्यांचे एकमत यंत्र घडवीत नाही. ते आधी माणसांनीच घडवावे लागते.

आता फवारणीकडे वळू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. उंच वाढलेल्या पिकात शिरून, पाठीवरचा पंप घेऊन, तोंडावर येणारे तुषार झेलीत फवारणी करावी लागते, ही त्यातील एक मोठी अडचण होती. फवारणारा माणूस विषाच्या धुक्यातून बाहेर येतो, हाच आमच्या मते ड्रोनचा खरा लाभ होय. मजुरी व वेळ यांची बचत त्यानंतरची.

परंतु यंत्र आले म्हणून विष सौम्य होत नाही, हे पक्के ध्यानात धरावे. पाठीवरच्या पंपाने एकरी शंभराहून अधिक लिटर पाणी लागते. ड्रोनला सुमारे दहा लिटर पुरते. म्हणजे टाकीतील द्रावण कितीतरी अधिक तीव्र असते. ते कालविणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी व चष्मा यांवाचून हात लावू नये. वारा असता उडवू नये, कारण बारीक तुषार शेजाऱ्याच्या भाजीवर, विहिरीवर, गोठ्यावर जातात. फुलोऱ्यातील पिकावर मधमाश्यांच्या वेळेस फवारू नये. भरल्या टाकीने यंत्र दहा-पंधरा मिनिटेच टिकते, सबब जादा बॅटऱ्यांचा खर्च आधीच धरावा.

कायदाही आहे. २०२१ च्या नियमांनुसार यंत्राची नोंदणी व चालकाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. चालक दहावी उत्तीर्ण व १८ ते ६५ वर्षे वयाचा असावा लागतो. लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे असल्याने पुणे शहराच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी उड्डाणापूर्वी सरकारी नकाशावर आपले क्षेत्र अवश्य पाहावे.

राहिला खर्चाचा प्रश्न. हे यंत्र काही लाखांचे आहे. दोन एकरांच्या धन्याने कर्ज काढून ते घ्यावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. २०२२ साली सरकारने सहकारी संस्थांच्या भाडे-केंद्रांस किमतीच्या ४० टक्के, कमाल ४ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरविले. २०२३ च्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांस ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत. अटी व मुदती बदलत असतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात चौकशी करूनच पाऊल टाकावे.

आमचे सांगणे इतकेच की, गावाने अथवा सोसायटीने मिळून एक यंत्र घ्यावे, गावच्याच एखाद्या होतकरू मुलास वा मुलीस प्रमाणपत्र मिळवून द्यावे, एकरी दर व फवारणीची पाळी सभेत ठरवावी आणि प्रत्येक फवारणीची तारीख, औषध व प्रमाण वहीत नोंदवावे. ही वही जेथे चोख राहील, तेथे यंत्रही बहुधा चोख राहील.