थकवा आणि मनाची उभारी

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी संपवून आमच्याकडे येणारे काही कामगार बंधू तपासण्या अर्धवट टाकून घरी निघतात. घरचे त्यास आळस म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही.

कष्ट किती आणि फळ किती, हा हिशेब मेंदू सतत मांडीत असतो. शरीर थकले की तेच काम त्यास अधिक जड भासते. बौद्धिक श्रमाचेही तसेच. पॅरिस येथील संशोधकांनी २०२२ मध्ये सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम करणाऱ्यांची तपासणी केली. सोपे काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूत, कपाळामागील भागात, ग्लुटामेट हे द्रव्य अधिक साचलेले आढळले. उशिरा मिळणाऱ्या मोठ्या लाभापेक्षा ताबडतोबीचा, विनासायास लाभ त्यांना बरा वाटू लागला होता.

सीएनसी यंत्रावर रात्रभर उभे राहून मापे सांभाळणाऱ्यास हे दोन्ही थकवे एकदमच येतात. मधुमेहाचे पथ्य हा उद्याचा लाभ. गोड चहा व वडा आत्ताचा! म्हणून पथ्यपाण्याची समजूत आम्ही पाळी सुटताच देत नाही. सुट्टीच्या दिवशी, घरच्यांसह बोलावून देतो. पुरेशी झोप घेऊनही उत्साह परतत नसेल, तर मात्र रक्तक्षय, थायरॉईड व नैराश्य यांची तपासणी अवश्य करून घ्यावी.