पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व

शेवंड कोकणातल्या माणसाला नवी नाही. तिच्यासारखीच दिसणारी, पण गोड्या पाण्यात राहणारी, ती क्रेफिश. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडे तिची ‘रेड क्लॉ’ ही जात तळ्यांत पाळतात. नराच्या नांगीवर तांबडा डाग असतो, म्हणून हे नाव.

मासा खाद्याची गोळी गटकन गिळतो. क्रेफिशचं तसं नाही. चिमट्यासारख्या पायांत गोळी धरून, दात पडलेल्या म्हाताऱ्यानं भाकरी चघळावी तशी ती कुरतडत बसते. तेवढ्यात गोळीतली ‘ब’ आणि ‘क’ जीवनसत्त्वं पाण्यात विरघळून जातात. पैसे शेतकऱ्याचे, पोषण तळ्याचं!

‘क’ तर फारच नाजूक. गोळ्या बनवतानाच्या उष्णतेनंच ते बरंचसं नाहीसं होतं. म्हणून हल्ली ते फॉस्फेटशी जोडून घालतात. ते टिकतं आणि शरीरात मोकळं होतं. वाढायचं तर क्रेफिशला जुनं कवच टाकावं लागतं. आतल्या ऊतींच्या बांधणीसाठी हे जीवनसत्त्व हवं. तिच्या नात्यातल्या पाळीव कोळंबीत त्याच्या अभावी कवचाखाली काळे डाग पडून मरतूक होते, हे १९७०च्या दशकातच दिसलं होतं.

अमेरिकेत लुइझियानात मात्र भातखाचरात पाणी सोडतात. कुजणारा पेंढा, किडे, गोगलगायी यांवरच तिथली क्रेफिश पोसते. विकतच्या जीवनसत्त्वांची गरज सहसा पडत नाही. स्वच्छ टाकीत चिखल नसतो, तिथे सगळी भिस्त गोळीवर. आणि क्रेफिश चरते अंधारात. त्यामुळे गोळ्या टाकायच्या त्या संध्याकाळी. सकाळी टाकल्या तर दिवसभर नुसत्या भिजत पडतील.