बराकपूरची छावणी आणि वसाहतवादाचा खर्च

वसाहतवाद (एका देशाने दुसऱ्या देशावर राजकीय ताबा मिळवून तेथील उत्पन्न व मनुष्यबळ स्वतःच्या हितासाठी वापरण्याची व्यवस्था) म्हणजे परकी सैन्याने परकी पैशावर केलेले राज्य, असा समज सर्रास आढळतो आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु १८५७ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात गोरे सैनिक सुमारे ४५ हजार, तर हिंदी शिपाई दोन लाखांहून अधिक होते, आणि या सर्वांचा खर्च मुख्यतः १७६५ च्या दिवाणीपासून (महसूल वसुलीचा अधिकार) कंपनीच्या हाती आलेल्या येथल्याच शेतसाऱ्यातून भागत असे. वाड्याचा कारभार बळकावलेल्या कारभाऱ्याने मालकाच्याच कोठारातून रखवालदार पोसावेत, तसाच हा प्रकार होता.

कलकत्त्याजवळ हुगळीकाठी असलेल्या बराकपूरच्या छावणीत ही व्यवस्था फार जवळून दिसते. बराकपूर म्हटले की मंगल पांडे आणि १८५७ चा उठाव एवढेच आठवते. त्याच्या तेहतीस वर्षे आधी, १८२४ मध्ये, ब्रह्मदेशावरील स्वारीसाठी निघण्याचा हुकूम मिळालेल्या ४७ व्या पलटणीचे गाऱ्हाणे मात्र अगदी साधे होते: अंथरुणात गुंडाळलेली पितळी भांडी वाहण्यासाठी लागणारे बैल शिपायांनी पदरचे पैसे मोडून मिळवायचे, आणि सरकारी खरेदीमुळे ते बाजारात मिळेनासे झालेले. शिपायांनी कूच करण्यास नकार दिला, तेव्हा सेनापती पॅजेट याने २ नोव्हेंबरला गोऱ्या पलटणी व तोफा आणून त्यांच्यावर मारा केला. पळताना कित्येक जण नदीत बुडाले, शिपायांचा पुढारी बिंदी तिवारी याला फाशी झाली आणि पलटणीचा क्रमांक सैन्याच्या यादीतून काढून टाकण्यात आला.