पाचटाची कुट्टी करणारें यंत्र : उपयोग व निगा

उसाची तोडणी होऊन गाड्या कारखान्याकडे गेल्या कीं, शेतांत पाचटाचा जाड थर उरतो. त्यास काडी लावून मोकळें होण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं अजून चालू आहे. काडी ओढण्यास खर्च लागत नाहीं म्हणून ती स्वस्त वाटते. परंतु हिशेब मांडला असतां ती फार महाग पडते. एका एकरांत सुमारें ३ ते ४ टन पाचट निघतें. त्यांत नत्राचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या व पालाशाचें शेंकडा एकाच्या आसपास असतें. म्हणजे एकरीं १५ ते २० किलो नत्र आपण आपल्या हातानें धुरांत घालवितों, आणि जमिनीस हवा असलेला सेंद्रिय अंशही त्याबरोबर जातो.

पाचट शेतांतच ठेवावें हें पुष्कळांस पटतें. पण लांब पानांच्या थरांतून पाणी नीट पुढें सरकत नाहीं, आंतरमशागत अडते व खोडव्याचे फुटवे दबतात, ही तक्रारही खोटी नव्हे. ही अडचण दूर करण्याकरितां ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाचें कुट्टी यंत्र आतां सर्वत्र मिळूं लागलें आहे. त्याची रचना समजून न घेतां तें वापरल्यास काम वाईट होतें, आणि प्रसंगीं जीवावरही बेततें. म्हणून आम्ही त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहीत आहों.

या यंत्रांत एक आडवा दांडा असून त्यावर लोखंडी पातीं सैल टांगलेलीं असतात. ट्रॅक्टरच्या पीटीओची गति मिनिटास ५४० फेरे असते. गिअरबॉक्स व पट्टे यांच्या योगें ती वाढून बहुतेक यंत्रांत दांडा मिनिटास २००० फेऱ्यांच्या जवळपास फिरतो. त्या वेगानें पातीं ताठ उभीं राहतात व पाचटाचे तुकडे करितात. पातें सैल असल्यामुळें दगड लागल्यास तें मागें वळतें, व यंत्रास बसणारा धक्का कमी होतो. मात्र यावरून हें यंत्र दगड फोडण्याचें आहे असें कोणी समजूं नये.

काम सुरू करण्यापूर्वीं शेतांतून एक फेरी मारावी. दगड, तार व खुंट्या उचलाव्या. ठिबकाच्या नळ्या असल्यास त्या गुंडाळून बाहेर काढाव्या. पाचट उन्हांत वाळलेलें असावें. दंवानें ओलें झालेलें पाचट तुटत नाहीं, उलट दांड्यास गुंडाळतें. जमीन ओली असतां ट्रॅक्टर आंत घालूं नये, कारण काळी जमीन दबली म्हणजे खोडवा त्याची शिक्षा वर्षभर भोगतो. चाकें सरींतून चालावीं, बुडख्यांवरून नव्हे.

यंत्राची उंची मागील रूळ किंवा बाजूच्या पट्ट्या वरखालीं करून ठरवावी. पातीं मातीस लागूं देऊं नयेत. मातींत चाललेलें पातें लवकर झिजतें, धूळ उडते, आणि तेलाचा खर्च वाढतो. पीटीओची गति ५४० वर आल्यावरच पुढें निघावें व ताशीं २ ते ४ किलोमीटरच्या चालीनें चालावें. थर जाड असल्यास चाल कमी करावी. इंजिनाची गति कमी करूं नये. वळतांना यंत्र उंच उचलण्यापूर्वीं पीटीओ बंद करावा, नाहीं तर शाफ्टचा क्रॉस तुटतो.

निगेंत मुख्य गोष्ट समतोलाची आहे. एक पातें तुटलें तर तेवढेंच नवें घालूं नये. त्याच्या समोरच्या बाजूचेंही बदलून दोन्हींचें वजन सारखें ठेवावें. तोल गेलेला दांडा थरथरतो व थोड्या वेळांत बेअरिंग खातो. म्हणून थरथर जाणवतांच यंत्र थांबवावें. पात्यांचे बोल्ट मूळच्याच मजबुतीचे असावेत. बाजारांतील साधा बोल्ट येथें चालत नाहीं. बेअरिंगला व पीटीओ शाफ्टला पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें ग्रीस द्यावें, गिअरबॉक्सचें तेल पाहावें, पट्टे सैल पडल्यास ताणावेत आणि बदलतांना सर्व एकदम बदलावेत. गिअरबॉक्स व पट्ट्यांजवळ सांचलेलें वाळकें पाचट दिवसांतून दोनतीनदां काढावें. तें तापून पेट घेण्याचा संभव असतो.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. पाचट अडकल्यास प्रथम पीटीओ व इंजिन बंद करावें, किल्ली काढून खिशांत ठेवावी, आणि दांडा पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊं नये. इंजिन बंद झाल्यावरही तो कांहीं वेळ फिरत राहतो. उचललेल्या यंत्राखालीं लांकडी ठोकळे दिल्याखेरीज कोणींही हात घालूं नये. पीटीओ शाफ्टवरील आवरण व यंत्राचे मागील पडदे काढून चालविणें म्हणजे अपघातास आमंत्रण देणें होय. धोतर, उपरणें, साडीचा पदर यांस फिरता शाफ्ट क्षणांत ओढून घेतो. पात्याखालून उडालेला दगड दूरवर जातो. म्हणून मुलेंबाळें, मजूर व जनावरें यांस बांधापलीकडे ठेवावें.

कुट्टी झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. यंत्रानें फाटलेले बुडखे धारदार कोयत्यानें जमिनीलगत छाटावेत, म्हणजे फुटवे जमिनींतून जोमानें येतात. पाचट कुजविणारे जीवाणू स्वतःकरितां जमिनींतील नत्र उचलतात. त्याची भरपाई न केल्यास खोडवा पिवळा पडतो. यास्तव दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारें जीवाणू खत टाकून पाणी द्यावें.

हें यंत्र वर्षांतून थोडेच दिवस लागतें. लहान बागायतदारानें एकट्यानें तें विकत घेण्यापेक्षां आठदहा शेजाऱ्यांनीं मिळून घ्यावें, किंवा भाड्यानें आणावें. भागीदारींत मात्र निगेची जबाबदारी एकाच माणसावर सोंपवावी. सर्वांचें यंत्र तें कोणाचेंच नव्हे, असें होऊं देऊं नये. येत्या तोडणींत आमच्या वाचकांनीं निदान एक एकर पाचट न जाळतां ठेवून पाहावें आणि शेजारच्या जाळलेल्या रानाशीं खोडवा ताडून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.