सहा ठोकळ्यांमधली फट

खिळा, स्क्रू किंवा सरस यांपैकी कशाचाही आधार न घेता, केवळ खाचेत खाच अडकवून लाकडाचे तुकडे एकत्र धरून ठेवणे ही सुतारकामाची जुनी कसोटी आहे. बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि परिघाचे वक्र तुकडे एकमेकांत बसवले जातात आणि बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना आवळली की सगळे चाक एकजीव होते. वाड्याच्या खांबाचे कुसू, म्हणजे टोकाला कोरून काढलेला निमुळता भाग, तुळईच्या भोकात बसला की वरच्या मजल्याचा भार तो सहज पेलतो. आणि पोथी ठेवण्याची घडीची चौकट तर एकाच फळीतून अशी कापलेली असते की तिची बिजागरीही त्याच लाकडाची असते. एकमेकांत अडकणाऱ्या लाकडी ठोकळ्यांचे कोडे हे याच विद्येचे शुद्ध रूप होय, कारण त्यात भार पेलायचा नसतो, काही झाकायचे नसते, आणि सांधा चांगला की वाईट एवढाच प्रश्न उरतो.

या प्रकारातील सर्वांत परिचित कोडे सहा ठोकळ्यांचे असते. चौरस छेदाच्या सहा सारख्या पट्ट्या घेऊन त्यांच्या मधल्या भागात वेगवेगळ्या खाचा पाडतात, आणि त्या दोन-दोनच्या जोडीने तीन परस्परलंब दिशांना अशा गुंफतात की बाहेरून फक्त तिहेरी फुलीसारखा आकार दिसतो. अनेक रचनांत एक ठोकळा अखंड, म्हणजे बिनखाचेचा असतो. तो शेवटी सरकवला की बाकीचे पाच जागच्या जागी कुलूपबंद होतात, म्हणून त्याला किल्ली म्हणतात. चीनमध्ये हे कोडे लू बान या पुराणप्रसिद्ध सुताराच्या नावाने ओळखले जाते, जपानमध्ये अशा कोड्यांना कुमिकी म्हणतात, आणि युरोपात १७८५ साली बर्लिनच्या काटेल या व्यापाऱ्याच्या मालयादीत ते विक्रीला ठेवलेले आढळते. अमेरिकेतील बिल कटलर यांनी संगणकाच्या साहाय्याने या रचनांची मोजदाद केली, तेव्हा आत पोकळी न राहता पूर्ण भरून बसणाऱ्या रचना १,१९,९७९ निघाल्या. पोकळी चालेल असे धरून त्यांनी १९९० मध्ये पूर्ण केलेल्या गणनेत हा आकडा सुमारे ३,५६५ कोटींवर गेला. मात्र भरीव रचनांपैकी केवळ ३१४ रचना अशा आहेत की ज्यांचे सर्व ठोकळे करवतीने आडव्या सरळ खाचा पाडून तयार होतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या ठोकळ्यांचे प्रकार फक्त २५ आहेत. हा २५ चा आकडा यंत्रावर काम करणाऱ्यालाही फार उपयोगी पडतो. तो कसा, हे यंत्र समजल्यावर स्पष्ट होते.

सीएनसी यंत्र म्हणजे आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे कापण्याचे यंत्र. वेगाने फिरणारे पाते, ज्याला बिट म्हणतात, ते उजवी-डावीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली किती सरकवायचे याच्या ओळीच्या ओळी संगणक यंत्राला पुरवतो आणि मोटारी ती हालचाल करतात. बेळगावकरांना ही कल्पना परकी वाटू नये.  शहरातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ कोणता धागा उचलायचा हे ठरवते, ती जॅकार्डची युक्ती १८०४ च्या सुमाराची आहे. भोक असेल तर उचल, नसेल तर राहू दे, हाच तो आज्ञेचा मूळ विचार असून, १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेव्हा आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवण्यात आले तेव्हा त्यालाही आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरूनच मिळत होत्या. पुढे संगणक स्वस्त झाले, २००९ मध्ये नॉर्वेचे सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी आर्डुइनो या छोट्या सर्किट-पट्टीवर चालणारा जीआरबीएल हा नियंत्रक प्रोग्राम मोफत उपलब्ध करून दिला, आणि ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करणारी हौशी यंत्रे घरच्या टेबलावर आली.

अशा यंत्राची सूक्ष्मता कागदावर चांगलीच असते. त्याची मोटर एका फेऱ्यात २०० टप्पे घेते. तिला जोडलेल्या स्क्रूने एका फेऱ्यात बिट ८ मिलिमीटर सरकत असेल तर एक टप्पा ०.०४ मिलिमीटरचा होतो. परंतु कोड्याची खरी अडचण टप्प्यात नसून बिटाच्या गोलाईत आहे. ३ मिलिमीटर व्यासाचा बिट फळीत चौकोनी खळगा कोरतो तेव्हा त्याचे उभे कोपरे दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल राहतात, आणि त्यात दुसऱ्या ठोकळ्याची चौकोनी कड पूर्ण बसत नाही. यावर तीन उपाय आहेत: कोपरे पटाशीने हाताने काढणे, कोपऱ्यात बिट थोडा आत घुसवून जास्तीची जागा मोकळी करणे, किंवा बसणाऱ्या ठोकळ्याची कड तेवढीच गोल करणे. दुसऱ्या उपायाने कोपऱ्यात छोटी गोल भोके दिसतात, आणि ज्याला सांध्याची सफाई प्रिय आहे त्याला ती खटकतात. खाच मात्र ठोकळ्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार गेली, तर बिटाचा सपाट तळ आणि त्याची बाजू यांमधला कोपरा आपोआप काटकोनी निघतो. म्हणजे करवतीला जे सोयीचे तेच बिटालाही सोयीचे ठरते, आणि नव्या माणसाने त्या २५ ठोकळ्यांपासूनच सुरुवात करावी.

दुसरी चूक मापाची असते आणि ती वरून दिसत नाही. लहान बिटांचे माप पुष्कळदा इंचांत ठरलेले असते. अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. प्रोग्राममध्ये कोणी सोयीसाठी ३ लिहिले, तर प्रत्येक खाच ०.१७५ मिलिमीटर रुंद होते, आणि एवढ्याने कोडे हातात खुळखुळू लागते. उलट, यंत्राला २४ मिलिमीटर जाडीची पट्टी सांगितली आणि रंध्याखालून निघालेली पट्टी २४.२ भरली, तर किल्ली सरकतच नाही. हाताने हलकेच सरकावी पण उलटी धरल्यावर आपोआप गळू नये, अशी बैठक मिळण्यासाठी ठोकळा आणि खाच यांत एकूण ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट लागते. ती आधी टाकाऊ तुकड्यावर अर्ध्या दशांशाच्या फरकाने पाच-सहा खाचा कापून, त्यात पट्टी घालून बघून ठरवावी.

आणि मग पाऊस येतो. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते, पण सगळीकडे सारखे फुगत नाही: रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ बदलत नाही, तर आडवे मात्र फुगते. सागासारख्या स्थिर समजल्या जाणाऱ्या लाकडातही ओलाव्याचे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढले, तर २४ मिलिमीटरची पट्टी कापाच्या दिशेनुसार सुमारे ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाड होते. आता कोड्याची रचना पाहावी. खाचेची रुंदी ठोकळ्याच्या लांबीवर मोजलेली असते, म्हणून ती तशीच राहते. तिच्यात बसणारा दुसरा ठोकळा मात्र आडवा असतो आणि त्याची जाडी वाढते. मे महिन्यात सुरेख सरकणारी किल्ली जुलैत का अडकते, याचे कारण एवढेच आहे. सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेणाऱ्या बेळगाव-खानापूर भागात याचा विचार न करता कापलेले कोडे वर्षातून चार महिने निकामी राहते. उपाय दोन: वखारीतून आणलेले लाकूड काही आठवडे घरात ठेवून मुरू द्यावे, आणि उन्हाळ्यात कापताना फट थोडी अधिक ठेवावी. कापण्याच्या सगळ्या खटाटोपात हा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो कोणत्याही यंत्रात भरून मिळत नाही.

चित्राचे तुकडे जोडण्याचे जे सपाट कोडे १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यांनी महोगनीच्या फळीवर नकाशा चिकटवून बनवले, त्यासाठी हे यंत्र कमी सोयीचे आहे, कारण बिटाच्या जाडीएवढे लाकूड प्रत्येक रेषेवर भुसा होऊन जाते आणि तुकडे सैल राहतात. तिथे बारीक पात्याची करवत किंवा लेझर बरा. भुशाबद्दलही एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे: लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवली आहे, तेव्हा भुसा ओढून घेणारी नळी आणि तोंडावर चांगला मास्क यांशिवाय घरात हे यंत्र चालवू नये. आणि लहान मुलांसाठी कोडी विकायची असतील, तर १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र आवश्यक झालेले आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट असली तरी सीएनसीवर कापणाऱ्याने ती आपल्याला लागू होते असे गृहीत धरू नये.

बेळगावला यंत्रकाम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान याच शहरात काढले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जाण्यापूर्वी लोखंडी नांगराचा उद्योग येथेच उभा केला. आज उद्यमबागेतील कारखान्यांत ओतीव भाग आणि हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग तयार होतात, आणि तेथील टर्नर-फिटर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा रोज बोलतात. कोणता दांडा भोकात सरकता बसवायचा आणि कोणता दाबून, हे त्यांना हाताने कळते. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी येते, जिथे चितार आळीत लाकडी खेळण्यांची परंपरा आहे. धातूतील बैठकीचे हे ज्ञान आणि लाकडाची ही ओळख एका टेबलावर आली, तर ठोकळ्यांचे कोडे येथे उत्तम बनू शकते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि आयटीआयच्या कार्यशाळांत विद्यार्थ्यांकडून सुतारकामाचा एखादा सांधा करवून घेतला जातोच. त्याच्या जोडीला सहा ठोकळ्यांचा एक संच कापायला द्यावा, तो उन्हाळ्यात तपासावा, आणि गुण मात्र पावसाळ्यात पुन्हा एकदा किल्ली सरकवून पाहिल्यावरच द्यावेत.