स्लीपिंग बॅगेचं लेबल जवानासाठी नसतं

स्लीपिंग बॅग घेताना बहुतेकांची नजर आधी जाते ती लेबलवरच्या उणे अंशांवर. उणे 10 लिहिलंय म्हणजे उणे 10 मध्ये निवांत झोप लागणार, असा सरळ हिशेब असतो. हा आकडा येतो ईएन 13537 या युरोपीय मानकातून आणि 2016 पासून त्याची जागा घेतलेल्या आयएसओ 23537 मधून. ही मानकं कशाला लागू आहेत हे सांगतानाच त्यांनी काही अपवाद केले आहेत, त्यांतले दोन असे: लष्करी वापराच्या बॅगा आणि अतिथंड प्रदेशातल्या मोहिमांच्या बॅगा. बर्फात पहारा देऊन आलेल्या जवानाची रात्र त्या आकड्यात धरलेलीच नाही.

आकडा काढतात कसा, हे पाहिलं की त्यामागचं कारण कळतं. थंड खोलीत फळीवर मॅट, मॅटवर बॅग आणि बॅगेत विजेवर तापणारा माणसाच्या आकाराचा पुतळा ठेवतात. पुतळ्याच्या अंगात थर्मलचे कपडे, पायात लांब मोजे असतात. त्याचं अंग ठरावीक तापमानाला राखायला किती वीज लागते, त्यावरून बॅग किती ऊब धरून ठेवते ते ठरतं आणि त्यातून तीन मर्यादा निघतात. 'कम्फर्ट' म्हणजे सर्वसाधारण स्त्री सैलावून आरामात झोपू शकेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून, न जागता आठ तास काढू शकेल ते. आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे स्त्री सहा तास थंडीने न दगावता राहू शकेल ते. त्यातही हिमदंश होणार नाही याची हमी नाही. दुकानात अनेकदा हा तिसरा आकडाच सगळ्यात ठळक छापलेला दिसतो, आणि लोक तो झोपेचा आकडा समजतात.

पुतळा दमलेला नसतो, भुकेला नसतो, त्याचे मोजे ओले नसतात. दिवसभर ओझं वाहून आलेला, पाणी कमी प्यायलेला, तीन तासांनी पुन्हा पहाऱ्याला उठायचं आहे असा जवान तेवढी उष्णता निर्माण करू शकत नाही. म्हणून फौजेसाठी निवड करताना 'लिमिट' बाजूला ठेवून 'कम्फर्ट' पाहावा, आणि अपेक्षित थंडीपेक्षा काही अंशांची सूट धरावी.

बॅग अंग गरम करते, हाही असाच एक समज. बॅगेत उष्णता कुठून येणार? ती अंगातूनच येते, बॅग फक्त तिला निसटू देत नाही. गारठलेला माणूस बॅगेत शिरला तर बराच वेळ गारठलेलाच राहतो. झोपण्यापूर्वी काहीतरी गरम खाणं, जागच्या जागी थोडी हालचाल करणं, घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी ठेवणं, यांचा उपयोग शंभर ग्रॅम जादा पिसांहून अधिक होतो.

कपडे काढून झोपलं की ऊब वाढते, असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक तुकडीत आणि प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये भेटतात. ओले कपडे काढायलाच हवेत, एवढं त्यात खरं. कोरडे कपडे मात्र ऊब वाढवतात. फक्त इतकं जाड काही घालू नये, की आतून बॅगेचं अस्तर ताणलं जाऊन तिचा फुगवटा दबेल.

तो फुगवटा हीच बॅगेची खरी संपत्ती. थंडी अडवते ती पिसांत किंवा धाग्यांत अडकलेली हवा. अंगाखाली तो दबतो, त्यामुळे पाठीखालची बॅग जवळपास निरुपयोगी होते आणि तिथे सगळी भिस्त मॅटवर असते. हजारो रुपयांची बॅग घेऊन मॅटवर पैसे वाचवणारा माणूस पहाटे तीनला पाठीकडून गारठतो. घडीची फोम मॅट दिसायला साधी असली तरी काटा किंवा छर्रा लागून ती फुटत नाही. हवा भरायची चांगली इन्सुलेटेड मॅट जास्त ऊब देते, पण एका भोकाने संपते. बर्फावर झोपणारे दोन्ही एकावर एक घालतात ते याचसाठी.

बदकाची किंवा हंसाची पिसं श्रेष्ठ की सिंथेटिक, हा वाद जुना आहे. वजन आणि आकार पाहिला तर पिसांना तोड नाही. पण पिसं भिजली की त्यांचा लगदा होतो आणि मोहिमेवर ती वाळवणं अवघड. सिंथेटिक भिजलं तरी थोडी ऊब राखतं आणि लवकर वाळतं. भिजायला पाऊसच लागतो असंही नाही. माणूस झोपेतही त्वचेवाटे आणि श्वासावाटे पाणी गमावतो. कडाक्याच्या थंडीत ती वाफ बाहेर पोचण्याआधीच बॅगेच्या थरांत गोठते आणि रोज थोडा थोडा बर्फ साठत जातो. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात केप क्रोझिअरला जाऊन आलेल्या तिघांपैकी ॲप्सली चेरी-गॅरार्ड यांची रेनडिअरच्या कातड्याची बॅग परतताना वजनाने दुपटीवर गेली होती. ते जादा वजन बर्फाचं होतं. म्हणून तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडू नये, आणि ऊन मिळेल तेव्हा बॅग उलटी करून वाळवावी.

एकच जाड बॅग सगळ्या ऋतूंना पुरेल, ही समजूत अमेरिकी लष्कराने केव्हाच सोडली. त्यांच्या मॉड्युलर स्लीप सिस्टिममध्ये एक पातळ हिरवी बॅग, एक जाडसर काळी बॅग आणि वर गोअर-टेक्सचं कव्हर असतं. हिरवी शून्याच्या आसपास, काळी साधारण उणे 23 अंशांपर्यंत आणि सगळं एकात एक घातलं की उणे 34 अंशांपर्यंत, असा तिचा हिशेब आहे. गरजेपुरतंच न्यायचं. शिवाय वाफ बाहेरच्या थरात गोठली तरी आतला थर बराच कोरडा राहतो. सगळं घेतलं तर ते साडेचार किलोंच्या घरात जातं, आणि हा तोटा खरा आहे.

आता कम्प्रेशन सॅक, म्हणजे बॅग पट्ट्यांनी आवळून ठेवायची पिशवी. तिच्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत, कारण तिचं काम डोळ्यांना दिसतं. पट्ट्या ओढल्या, गठ्ठा निम्मा झाला, माणूस खूश! पण वजन एक ग्रॅमनेही कमी झालेलं नसतं. उलट सॅकच्या पट्ट्या आणि बकलांचं वजन वाढतं. जागा वाचते हेही अर्धंच खरं. करकचून आवळलेला गठ्ठा दगडासारखा गोल होतो आणि पिठ्ठूत, म्हणजे पाठपिशवीत, त्याच्या चारी बाजूंना पोकळ्या राहतात. थोडी सैल ठेवलेली बॅग पिठ्ठूच्या तळाशी कोपऱ्यांत शिरते आणि वरच्या सामानाला बैठक देते. पट्ट्या आवळायच्या त्या गठ्ठा पिठ्ठूच्या रुंदीत बसेल इतपतच.

सॅकचं कापड पाणी धरत नाही म्हणून ती जलरोधक आहे, असं मानणंही महागात पडतं. पाणी शिवणींतून आणि तोंडाच्या नाडीतून शिरतं. नदी ओलांडायची असेल तर आत तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग किंवा निदान जाड प्लास्टिकची पिशवी हवीच.

सिंथेटिक दणकट असतं, ते महिनोन्‌महिने आवळून ठेवलं तरी चालतं, हा समज तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. कायम दाबून ठेवल्याने सिंथेटिक धागे मोडतात आणि तो फुगवटा परत येत नाही. पिसं त्यामानाने बरीच सावरतात. दोन्ही प्रकारच्या बॅगा घरी किंवा कोठारात मोठ्या सैल पिशवीत, नाहीतर टांगून ठेवाव्यात. सरप्लसच्या दुकानातून स्वस्तात बॅग उचलणाऱ्या सह्याद्रीतल्या ट्रेकर्सनीही हे पाहावं: बॅग पसरून झटकायची, अर्धा तास तशीच ठेवायची, मग उजेडासमोर धरायची. जिथून उजेड आरपार येतो, तिथे रात्री थंडी येणार. कंपनीचं नाव यानंतर विचारावं.

चेनचा प्रश्न लष्करात वेगळाच गंभीर होतो. 27-28 नोव्हेंबर 1950 च्या रात्री कोरियात टोकटोंग खिंडीवर चिनी हल्ला आला तेव्हा अमेरिकी मरीन हेक्टर कॅफेराटा बूट काढून बॅगेत झोपले होते. बूट घालायला वेळच मिळाला नाही. बर्फात नुसत्या मोज्यांवर ते रात्रभर लढले, त्यांना पुढे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि हिमदंशाने पायही पोळले. फौजेच्या बॅगेची चेन जाड हातमोज्यांनी, अंधारात, एका झटक्यात उघडता आली पाहिजे. मोठी ओढणी, अस्तरात न अडकणारी चेन, आत बूट ठेवायला जागा या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो. रंगाचंही तसंच: डोळ्यांना हिरवं दिसणारं साधं कापड नाइट व्हिजनमध्ये उजळून दिसू शकतं. म्हणून लष्करी कापडाची रंगाई इन्फ्रारेडचा विचार करून करतात.

बॅग जवान स्वतः निवडत नाही, त्याच्यासाठी निवडली जाते. 1962 च्या चीन युद्धात नामका चू नदीवर सातव्या ब्रिगेडचे जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि एकेका कांबळ्यावर उभे होते. तिथून आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. पण अतिउंचावरच्या साहित्याच्या खरेदीवरचा कॅगचा अहवाल फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत मांडला गेला, त्यात फेस मास्क आणि जॅकेटांबरोबर स्लीपिंग बॅगाही जुन्या स्पेसिफिकेशनच्या घेतल्याची नोंद आहे. डिसेंबर 2021 मध्ये डीआरडीओने उणे 50 अंशांपर्यंतच्या तीन थरांच्या कपड्यांचं तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिलं. स्लीपिंग बॅगांच्या निविदांतही पुतळ्याच्या चाचणीसोबत आणखी तीन चाचण्या लिहिल्या जायला हव्यात: बॅग ओली करून, वर्षभर दाबून ठेवून, आणि हातमोजे घातलेल्या जवानाला अंधारात तिच्यातून बाहेर यायला लावून.