फ्रेने शिक्षणपद्धती

मुलांनी स्वतः आखलेले काम, मुक्तलेखन, मुद्रण, शाळाशाळांतील पत्रव्यवहार आणि सहकारी वर्गव्यवस्था यांवर आधारलेली प्राथमिक शिक्षणाची एक पद्धती. सेलेस्तँ फ्रेने (१५ ऑक्टोबर १८९६–८ ऑक्टोबर १९६६) या फ्रेंच शिक्षकाने ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून विकसित केली. मुलाला स्वातंत्र्य द्यावे, एवढेच सांगून ती थांबत नाही. त्या स्वातंत्र्याचा उपयोग त्याला करता यावा म्हणून शिक्षकाने कोणती साधने पुरवावीत व वर्गाची घडी कशी बसवावी, याचा तपशीलवार विचार हे तिचे वैशिष्ट्य होय. फ्रेने स्वतः ‘पद्धती’ऐवजी ‘तंत्रे’ हा शब्द पसंत करीत असे; कारण तंत्रे अनुभवानुसार बदलता येतात.

पार्श्वभूमी : फ्रेनेचा जन्म आग्नेय फ्रान्समधील गार या डोंगराळ खेड्यात झाला. नीस येथे अध्यापनाचे शिक्षण घेत असता तो पहिल्या महायुद्धात भरती झाला. १९१७ मध्ये त्याच्या फुप्फुसाला गंभीर जखम झाली. १९२० मध्ये ल बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत तो रुजू झाला, तेव्हा वर्गासमोर दीर्घ काळ बोलत राहणे त्याला अवघड जात होते. म्हणून तो मुलांना गावात व शेतात फिरावयास नेऊ लागला. कारागिरांची कामे पाहताना मुले उत्साहाने बोलत. मात्र वर्गात परतून पाठ्यपुस्तक उघडले, की तीच मुले निरुत्साही होत. मुलाचे जीवन व शाळा यांतील ही दरी बुजवावी कशी, या प्रश्नातून त्याची तंत्रे जन्मास आली.

मुक्तलेखन व मुद्रण : विषय व वेळ यांचे बंधन न घालता मुलाने स्वानुभवावर लिहिलेल्या मजकुरास मुक्तलेखन म्हणतात. लिहिलेले मजकूर मुले वर्गात वाचून दाखवितात व त्यांतील एक मतदानाने निवडतात. तो फळ्यावर लिहून लेखकाच्या संमतीने सर्वजण सुधारतात. शुद्धलेखन व व्याकरण यांचे पाठ येथेच, गरजेपोटी होतात. १९२४ मध्ये फ्रेनेने एक लहान मुद्रणयंत्र शाळेत आणले. मुले स्वतः खिळे जुळवू लागली, शाई लावून पाने छापू लागली. आरशातल्यासारखे उलटे अक्षर हाताने जुळविताना प्रत्येक अक्षराकडे लक्ष द्यावे लागते; एक चूक राहिली, तर ती प्रत्येक प्रतीत उमटते. त्यामुळे अचूकपणाचा आग्रह शिक्षकाच्या लाल शाईतून न येता कामातूनच येतो. वर्षभराची पाने मिळून मुलांचे स्वतःचे वाचनपुस्तक तयार होई.

शालेय पत्रव्यवहार : केवळ गुणांसाठी लिहिलेल्या निबंधाला परीक्षक असतो, वाचक नसतो. ही उणीव दूर करण्यासाठी फ्रेनेने इतर शाळांशी देवघेव सुरू केली. १९२६ पासून त्याच्या वर्गाचा ब्रिटनी प्रांतातील त्रेगँक परिसरातील रने दान्येल या शिक्षकाच्या वर्गाशी नियमित पत्रव्यवहार चालू झाला. एक गाव दक्षिणेच्या डोंगराळ प्रदेशातले, दुसरे अटलांटिक किनाऱ्याजवळचे. आपल्या गावात जे सर्वांना ठाऊक असते ते दूरच्या मित्राला समजावून सांगावयाचे, म्हणजे ते नव्याने पाहावे, मोजावे व विचारून घ्यावे लागते. भूगोल, गणित व भाषा हे विषय अशा रीतीने एका खऱ्या प्रयोजनाभोवती एकत्र येतात.

कामाची योजना : वर्षाचा अभ्यासक्रम शिक्षक विभागून देतो, त्यातून आठवड्याचे काम प्रत्येक मूल स्वतः निवडते, एका तक्त्यावर नोंदविते व आठवड्याअखेर त्याचा आढावा घेते. गणित व व्याकरण यांसाठी प्रश्नांची आणि उत्तरांची वेगवेगळी पत्रे असतात; त्यांच्या साहाय्याने मूल आपले काम आपणच तपासते. संदर्भासाठी १९३२ पासून मुलांना वाचता येतील अशा पुस्तिकांची एक माला निघू लागली. या सर्वांमागे ‘प्रयोगशील चाचपणी’ची कल्पना आहे. मूल चालावयास वा बोलावयास शिकते, ते नियम पाठ करून नव्हे, तर प्रयत्न, चूक व पुन्हा प्रयत्न या क्रमाने. इतर अध्ययनही असेच घडते, असे फ्रेनेचे मत होते.

वर्गाचे सहकारी स्वरूप : वर्ग ही एक सहकारी संस्था असते. भिंतीवरील पत्रावर मुले आठवडाभर तक्रारी, अभिनंदने व सूचना लिहितात. आठवड्याच्या सभेत त्यांवर चर्चा होऊन निर्णय होतात. शिक्षकाचे महत्त्व यात कमी होत नाही. साधने जमविणे, अडलेल्या मुलाला नेमक्या वेळी मदत करणे व ठरलेले नियम पाळले जातील हे पाहणे, ही कामे त्यालाच करावी लागतात. १९३७ मध्ये वर्धा येथे पुढे आलेल्या योजनेतही हाताच्या कामाला मध्यवर्ती स्थान होते [→ मूलोद्योग शिक्षण]. तथापि तेथे कताईसारखा उत्पादक उद्योग, तर फ्रेनेच्या वर्गात मुलांचे स्वतःचे लेखन व त्याचे मुद्रण हा केंद्रबिंदू होता.

संघर्ष व प्रसार : मुलांच्या शब्दाला खरा वाचक मिळाला, की त्याचे परिणामही खरे होतात. १९३२ च्या अखेरीस सँ-पोल येथील शाळेत एका मुलाने लिहिलेले, महापौराला मारल्याच्या स्वप्नाचे वर्णन विरोधकांच्या हाती पडले आणि फ्रेनेविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली. १९३३ मध्ये त्याची बदली करण्यात आली. पुढे सरकारी नोकरी सोडून १९३५ मध्ये त्याने पत्नी एलीझ हिच्यासह व्हांस येथे स्वतःची शाळा काढली; स्पेनमधील यादवी युद्धातील निर्वासित मुलांना तीत आश्रय मिळाला. १९४० मध्ये त्याला स्थानबद्ध करण्यात आले. युद्धानंतर त्याची चळवळ पुन्हा संघटित झाली व १९५७ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. इटलीत मार्यो लोदी या शिक्षकाने ही तंत्रे वापरली. बार्ब्याना येथील शाळेचे चालक लोरेंत्सो मिलानी यांचा १९६३ मध्ये त्याच्याशी पत्रव्यवहार झाला व सामूहिक लेखनाची रीत तेथे रुजली. तीतूनच तेथील मुलांचे, मराठीत प्रिय बाई या नावाने अनुवादित झालेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन : या पद्धतीत वर्ग लहान असावा लागतो; वर्गात पंचवीसपेक्षा अधिक मुले नसावीत, असा फ्रेनेचा आग्रह होता. शिक्षकावर श्रमाचा भार मोठा पडतो. मुक्तलेखन ठरावीक वाराचा तास बनले, तर ते नेहमीच्या निबंधासारखेच निर्जीव होते. मतदानात बोलक्या मुलांचेच लेखन पुढे येण्याचा धोका असतो. लील शहराजवळील एका गरीब वस्तीतील शाळेत २००१ पासून ही पद्धती अवलंबिली गेली. तिचा विद्यापीठीय संशोधकांनी सुमारे पाच वर्षे अभ्यास केला. त्यांना मुलांच्या लेखनात व शाळेविषयीच्या आस्थेत प्रगती आढळली. खिळ्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे व दूरच्या वर्गाशी संपर्क क्षणार्धात होऊ शकतो. तथापि साधन बदलले, तरी मुलाजवळ सांगण्यासारखे काही असावे, ते ऐकणारा कोणी असावा आणि कामाची जबाबदारी त्याची स्वतःची असावी, या तिच्या तीन अटी कायम राहतात. त्यांची पूर्तता कोणतेही यंत्र आपोआप करीत नाही, ती शिक्षकालाच करावी लागते.